परतीचं तेल

यंदा थंडी पडल्यापासून आमच्या घरात एकाच गोष्टीची चर्चा असते, रेणूच्या स्कूटरची. रेणू माझी नात. विजेवर चालणारी स्कूटर तिने दसऱ्याला घेतली आणि तेव्हापासून तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडे असतं आणि अर्धं बॅटरीच्या आकड्याकडे. वैशाली नगरातून निघायचं, हुडकोतून मैत्रिणीला घ्यायचं, सिविक सेंटरला जायचं आणि येताना माझी औषधं आणायची, एवढ्याशा फेरीसाठी ती सकाळपासून वायर लावून बसते.

परवा मी तिला म्हटलं, "अवं, किती भरून राहिली? रायपूरले चालली का?"

"आजी, बीच रास्ते में बंद पडली तर? धक्का तू मारणार का?"

"तुह्या पणजोबाले विचारलं असतं, तर तो म्हणला असता, बॅटरी काढूनच ठेव घरी."

ती हसली, हेल्मेट घालून निघून गेली. मी अंगणात उन्हाला बसले होते. पौषातलं ते कोवळं ऊन पाठीवर आलं आणि कुठून कोण जाणे, नाकात डांबराचा वास भरला. डांबर, ओली सागाची फळी आणि पेट्रोल. असा वास आता वैशाली नगरात कुठून येणार? पण मला आला, आणि मी बसल्या जागी एकोणीस-वीस वर्षांची झाले. या वयात अशी चैन फुकट मिळते, ती कुणी सोडू नये.

तेव्हाची भिलाई आज सांगितली तर कुणाला खरी वाटत नाही. रस्ते होते, पण त्यांच्या कडेला झाड नव्हतं. क्वार्टरांच्या रांगा होत्या, पण निम्म्या रिकाम्या. सगळीकडे लाल माती, आणि त्या मातीतून रोज काहीतरी नवीन वर आलेलं दिसायचं. काल जिथे खड्डा होता तिथे आज खांब, परवा त्यावर छप्पर. धुराडी तर पावसाळ्यानंतरच्या गवतासारखी वाढत होती. मी भंडाऱ्याकडची, तळ्याकाठच्या गावातली. लग्न होऊन सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा शेजारी एक घर बंगाली, एक मल्याळी, समोर पंजाबी. मला हिंदी येत नव्हती. सगळ्यांशी मी हसून बोलायची, आणि दिवसाच्या शेवटी गाल दुखायचे.

आमचे हे पोलादाच्या कारखान्यात पंपहाउसला फिटर होते. भट्टीला पाणी पुरवणारे पंप. ते पाणी एक क्षण थांबलं तर काय होईल, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. नव्या नवरीशी काय बोलावं हे त्यांना दुसरं सुचलं नसावं. "एक पंप चालू, एक तयार, एक दुरुस्तीले," ते म्हणायचे. "कारखान्यात एकट्या मशीनवर भरवसा ठेवत नसतात." हे वाक्य त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरात काडेपेट्याही तीन असायच्या. एक चुलीपाशी, एक देवापाशी, आणि एक कुठेतरी, जी नेमकी कधी सापडत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, शेत पुतण्यांनी करायला घेतलं होतं, आणि यांनी दोनदा जाऊन विनवणी केल्यावर म्हातारा एकदाचा पॅसेंजरमधून दुर्गला उतरला. हातात काठी, खांद्याला रोजच्या कपड्यांची पिशवी, आणि काखेत एक गाठोडं. आल्या आल्या त्यांनी दारामागचा खिळा पाहिला आणि गाठोडं त्याला अडकवलं. मी म्हटलं, "मामाजी, सामान पेटीत ठेवून देऊ का?"

"राहू दे माय. संक्रांत झाली की मले जायचंच हाये. उगाच कायले सोडायचं?"

त्या गाठोड्यात काय होतं हे मला पुढे कळलं. एक ठेवणीतलं धोतर, एक बंडी, पितळी लोटा. बस. पण रोज सकाळी ते उठले की आधी त्याच्याकडे बघायचे. आहे ना जागेवर, आहे. मग चहा.

भिलाई त्यांना आवडली नाही, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. "या गावाले तळं नाई, देऊळ नाई, वारा नाई. धूर हाये फक्त." दिवसभर ते पायरीवर बसून धुराड्यांकडे पाहत राहायचे, जणू ती कुणा भाऊबंदाची आहेत आणि बांध सरकवून बसली आहेत. मला मात्र ते हवे होते. सांगायला लाज कशाची? त्या परक्या बोलीच्या गावात माझ्या बोलीत मला हाक मारणारं ते एक माणूस होतं. हे शिफ्टला गेले की घर खायला उठायचं. मामाजी आले आणि घरात कुणीतरी "भाजीत मीठ कमी पडलं" म्हणायला लागलं. त्या एका वाक्यासाठी मी मुद्दाम मीठ कमी घालायची.

ते संक्रांतीला जाऊ नयेत म्हणून काय करावं, हा यांच्यापुढचाही प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर यांनी शोधलं ते नावेत.

नाव खरं तर पावेलसाहेबाची. हे रशियन साहेब यांच्या पंपहाउसला होते. उंच, लालबुंद, हिंदीचे दहा-पंधरा शब्द येणारे. मोठ्या नदीकाठचे. मरोद्याकडचा तलाव पाहिल्यापासून त्यांना चैन पडेना. एवढं पाणी आणि त्यावर एक शीड नाही, म्हणजे त्यांच्या हिशेबी कुणीतरी ताट वाढून उठून गेल्यासारखं. यांचं बालपण तळ्यात गेलेलं. दोघांचं जुळलं. गावातल्या सुताराकडून सागाच्या फळ्या जोडून घेतल्या, फटींत काथ्या ठोकला, वरून डांबर. साहेबांनी देशातून येताना एक छोटं मशीन आणलं होतं, नावेच्या मागे लटकवायचं, पात्याने पाणी कापणारं. वारा असला तर शीड, नसला तर मशीन, अशी ती नाव होणार होती. पण नाव पुरी व्हायच्या आत साहेबांची मुदत संपली आणि ते मायदेशी निघाले. जाताना मशीन यांच्या हवाली केलं, आणि तेल किती भरायचं याचा आपल्या नदीवरचा नियम बोटांवर सांगितला: "शंकर, एक जाना. एक आना. एक मौसम खराब." म्हणजे तीन वाटे. एक जायला, एक यायला, आणि एक हवा बिघडली तर.

यांना तर आनंदाचं भरतं आलं. हे तर त्यांच्या तीन पंपांचंच शास्त्र. साहेबांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत हे टाकी करायला लागले.

ती टाकी. ती अजून आहे आमच्याकडे, पुढे सांगते. भिलाईच्या माणसाला त्या काळी पत्र्याचं काही बनवायला सांगितलं की तो ते पूल बांधल्यासारखं बनवायचा. पातळ पत्रा त्यांच्या डोळ्यांना दिसायचाच नाही. यांनी दुर्गच्या बाजारातून जाड पत्रा आणला, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतला, आणि तीन वाटे म्हणता म्हणता प्रत्येक वाट्यात "थोडं वरतून" धरलं. टाकी यांनी आणि वेल्डरने उचलून नावेत ठेवली. नाव काठाच्या पाण्यातच मागून बसली आणि तोंड वर करून आभाळाकडे बघायला लागली. अजून त्यात तेल नव्हतं, पाणीच भरलं होतं करून पाहायला.

मामाजी काठावर बसले होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शंकर, हे नाव नाई होय. हे बसलेली म्हैस होय."

त्या दिवसापासून आमच्या घरात तेलावरून जो वाद सुरू झाला, तो जेवताना, अंघोळीला पाणी काढताना, शिफ्टला निघताना, सतत. मला तो फार आवडायचा. गप्प बसून धुराड्यांकडे पाहणारा म्हातारा आता तोंड भरून भांडत होता.

"नावेले तेल लागतेच कायले?" मामाजी विचारायचे. गावी त्यांचं शेत तळ्याच्या पलीकडच्या काठाला. सकाळी डोंगा घेऊन जायचं, आणि वारा पाठीशी असला की घोंगडी काठीला बांधून वर करायची. "वारा पडला तं बसावं. चिलीम ओढावी. वारा काही मरत नसते, झोपला असते फक्त. जेवढं तेल तेवढा आळस."

"आणि उठलाच नाई तं?"

"तं उद्या उठन."

"बाबा, मले दुसऱ्या दिवशी शिफ्ट असते."

इथे दोघांचं कधीच जमलं नसतं, कारण दोघंही बरोबर होते. ज्याला उद्या शिफ्ट आहे त्याला वाऱ्याची वाट पाहता येत नाही. आणि ज्याने सगळी सोय बरोबर घेतली त्याला मग शीड लावायची गरजच उरत नाही. तो पाण्यावर ट्रॅक्टर चालवतो. मी शीड शिवत होते. मांजरपाटाचं, लग्नात मिळालेल्या हाताच्या मशीनवर, खोलीभर पसरून. शिवताना दोघांचं ऐकायची. आणि मला वाटायचं, हे तेलाचं नाही. एक जण म्हणतोय, काहीही झालं तरी घरी पोचता आलं पाहिजे. दुसरा म्हणतोय, एवढी घाई असेल तर निघायचंच कशाला.

मी बोलले ते स्टोव्हवरून. स्टोव्ह आपण काठोकाठ भरत नाही, सांडतो, भडकतो. आणि रॉकेलची बाटली बूच लावून वेगळी ठेवतो. तसं का करू नये? मशीनपाशी छोटा डबा, आणि एक बाटली वेगळी, नावेच्या पुढच्या टोकाला. वजनही दोन्हीकडे वाटून जाईल. किती, हे मात्र मला दोघांनी विचारलं, आणि मी सुचलं ते बोलून गेले: "जायले वारा हाये. तेल फक्त परत येण्यापुरतं घ्या. लांबून लांब जिथं जाल, तिथून घरी येण्यापुरतं."

हे विचारात पडले. मामाजींनी मान डोलावली. "परतीचं तेल. हे चालन. परतीचं माणसाजवळ असावं." आणि त्यांची नजर दारामागच्या खिळ्याकडे गेली. माझीही गेली. त्या क्षणी मला त्या गाठोड्याचा अर्थ कळला. ते त्यांचं तेल होतं. लांबून लांब ते आले होते, ते इथे, माझ्या घरी.

रेणू परत आली. आकडा अजून निम्म्याहून वर आहे हे तिने मला आनंदाने दाखवलं. मी म्हटलं, मग अजून कुठे तरी फिरून यायचं होतंस ना. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू म्हातारीचं डोकं फिरलंय. पण खरंच, पूर्ण भरून निघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, अर्धं शिल्लक घेऊन परत येतात आणि त्यालाच शहाणपण म्हणतात.

तर, पौषातला तो दिवस. यांची सुट्टी, संक्रांत तोंडावर. मामाजींचं एक वाक्य आधीच होऊन गेलं होतं: "एकदा पल्ल्याड नेऊन आण. मंग मी जातो." म्हणजे नाव झाली की थांबण्याचं शेवटचं कारणही संपणार, हे यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. आणि माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती, जी मी अजून कुणाला सांगितली नव्हती. घरात बाईमाणूस नाही, माहेरी आई नाही. यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला नावेत पाय ठेवू दिला नसता, आणि ते शीड मी शिवलं होतं. मी गप्प बसले.

सकाळी निघालो. पाणी आरशासारखं नव्हतं, बारीक सुरकुत्या पडलेलं होतं, म्हणजे वारा होता. काठाला शिंगाड्यांचे वेल, त्यातून एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून शिंगाडे काढत होती. तिने मला छत्तीसगडीत, पोरी म्हणत विचारलं, "कहाँ जावत हस नोनी?" मी पलीकडे बोट दाखवलं. तिने शीड पाहिलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. वल्ही सुताराकडून यायची राहिली होती, म्हणून मामाजींचा लांब बांबू तेवढा बरोबर. त्यांनी बांबूने नाव काठावरून रेटली, शीड वर चढलं, एकदा फडफडलं आणि भरलं.

आपण शिवलेलं कापड वाऱ्याने फुगताना पाहणं, याला काय म्हणावं? मी आयुष्यात पुष्कळ शिवलं. झबली, पडदे, परकर. पण शिवणीवर शिवण जपून घातलेली ती चादर माझ्या डोळ्यांदेखत पोट काढून उभी राहिली आणि तीन माणसांना ओढून नेऊ लागली, तेव्हा मला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. सासरे समोर होते. मी भाकरीच्या डब्याचं झाकण घट्ट धरून बसले.

मामाजी मागे बसून दोरी हातात धरून होते आणि ते दुसरेच कुणी झाले होते. "हाऽ, धर. सोड थोडं. शंकर, डोकं खाली कर." नावेच्या कामाला हात लावता लावता त्यांच्या जुन्या धोतरांना महिनाभर डांबर लागून लागून ती काळी-पांढरी झाली होती, त्यातलंच एक नेसलेलं, वाऱ्यावर उडणारं. मशीन मागे मुक्याने लटकत होतं. पलीकडच्या काठाला पोचलो, भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली, उन्हात पडलो. मी चिंच चोखत होते. परत निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

मधोमध आलो आणि वारा पडला.

शीड लोंबलं. आवाज थांबले. बांबू पाण्यात घालून पाहिला, तळ लागला नाही. यांचा हात आपोआप मशीनकडे गेला.

"थांब ना बावा," मामाजी म्हणाले. "झोपला हाये. उठन."

यांनी हात मागे घेतला. आम्ही बसून राहिलो. ऊन तिरपं, पाणी सपाट, लांबवर धुराड्यांचा धूर सरळ वर गेलेला. मामाजींनी हळूच म्हटलं, "असंच होतं आमच्या तळ्यात." आणि मग थोड्या वेळाने, "चला, पाहून झालं. आता परवाच्या गाडीनं निघतो मी."

मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"मामाजी, संक्रांतीले जाऊ नका."

"कावून?"

"ज्येष्ठात घरात मोठं माणूस लागन."

मी पाण्याकडे बघत होते. मग आमच्या यांनी, तीन-तीन पंप सांभाळणाऱ्या या माणसाने विचारलं, "ज्येष्ठात काय हाये?"

"गधा हायेस काय बे तू?" मामाजी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली चिंच पाहिली, माझ्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. आणि ज्या माणसाने दीड महिना त्या मशीनला शिव्या घातल्या होत्या तो एकदम ओरडला, "अन् बसून कायले राहिला? लाव तुही मशीन. पोटुशी बाईले उन्हात ठेवतं काय?"

यांना तेव्हा कुठे कळलं. ते उठून उभे राहिले. नाव डुचमळली, आम्ही दोघांनी मिळून त्यांना खाली ओढलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, आणि मशीनची दोरी ओढायची हे विसरून ते माझ्याकडेच बघत बसले. मामाजींनीच दोरी ओढली. पहिल्या झटक्याला ते यंत्र खोकलं, दुसऱ्याला सुरू झालं. पेट्रोलचा वास, फटफट, पाण्यात फेस. मामाजी त्या आवाजावर ओरडून सांगत होते, मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं, मुलगी झाली तर काय. त्यातलं मला काही ऐकू आलं नाही, पण मी सगळ्याला हो म्हटलं.

काठ जवळ दिसायला लागला, आणि मशीन खोकून बंद पडलं. छोटा डबा संपला. मशीन दर वेळी मोजून तेवढंच खात नाही. काठावरून निघतानाच त्याच्या पात्यात शिंगाड्याचे वेल अडकले होते आणि ते वेल ओढत त्याने जास्तीचं पिऊन टाकलं होतं. पण त्याचीच तर सोय होती.

"बाटली," हे म्हणाले आणि पुढे सरकले. पुढच्या टोकाला बाटली नव्हती. "तू ठेवली ना?"

"मी कुठं? तुम्ही ठेवणार होते."

दोघांनी मामाजींकडे पाहिलं. "मले वाटलं तुम्ही दोघं हाये," मामाजी म्हणाले.

एक चालू, एक तयार, एक दुरुस्तीला. तिघंही राखीव होतो, बाटली मात्र घरी अंगणात तुळशीच्या कुंडीआड बूच लावून सुरक्षित उभी होती. कोण आधी हसलं आठवत नाही. बहुतेक मी. मग हे. हसता हसता यांचा चेहरा मध्येच काळजीने भरायचा, माझ्याकडे बघायचे, आणि पुन्हा हसायला लागायचे. बांबूला अजून तळ लागत नव्हता. सूर्य खाली गेला होता, गारवा सुटायला लागला होता. हे अंगातला स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकत म्हणाले, "पोहत जाऊन दोरीनं ओढतो."

"बस खाली," मामाजी म्हणाले. ते आमच्याकडे बघत नव्हते. लांब कारखान्याकडे बघत होते. "धुराड्याकडे पाह्य. कावून घाबरतं? धूर वाकला."

खरंच. वारा पडल्यापासून काठीसारखा सरळ उभा असलेला धूर वरून वाकायला लागला होता, आमच्या काठाच्या दिशेने. मधल्या धुराड्याचा आधी, मग बाकीच्यांचा. पाण्यावर अजून काही नव्हतं, पान हलत नव्हतं. पण मामाजी शीड सारखं करून बसले, दोरी हातात, नजर धुरावर. "आता येईन तो इथपर्यंत. येऊन राहिला." दोन महिने पायरीवर बसून ज्याच्यावर ते करवादले, त्या धुराची एकेक सवय त्यांना पाठ झाली होती, हे त्यांनाही माहीत नसावं. लांबून पाणी गडद होत आलं, जवळ आलं, आणि माझी मांजरपाटाची चादर पुन्हा पोट काढून उभी राहिली.

काठाला लागलो तेव्हा कारखान्याकडचं आभाळ लाल झालं होतं. मामाजी उतरले, हात देऊन मला उतरवलं, आणि घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. परवाच्या गाडीचा विषय कुणी काढला नाही. संक्रांत आली, तिळगूळ झाला, संक्रांत गेली.

गाठोडं मात्र खिळ्यालाच होतं.

हे एकदा म्हणाले, "बाबा, आता सोडा ना ते." मी यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि म्हटलं, राहू द्या. त्याला हात लावू नका. परतीचं आहे म्हणून तर माणूस निवांत बसलंय. मी रोज दारामागे झाडायची, पण त्याच्या खालून. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मामाजी आता शिफ्टच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, समोरच्या पंजाबी म्हाताऱ्याशी तोडक्या हिंदीत वारं कुठून सुटणार यावर पैज लावायचे. ती राक्षसी टाकी यांनी घरी आणून स्वच्छ केली, वर झाकण बसवलं, आणि मी त्यात तांदूळ भरला. आज इतकी वर्षं झाली, त्या टाकीला गंज नाही की भोक नाही. तांदूळ तळाला जाऊ द्यायचा नाही, हा तिचा एकच नियम.

मग ज्येष्ठ. टाउनशिपच्या दवाखान्यातून बाळ घरी आलं. रेणूचा बाप. एवढासा, लाल, सारखा भिजवणारा. आमच्याकडे बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचं, वापरून धुऊन मऊ झालेलं वस्त्र लागतं, त्याचीच दुपटी आणि लंगोट. माझ्या जुन्या साड्या दोन दिवसांत संपल्या. मामाजींची घरातली धोतरं काढली, तर प्रत्येकावर डांबर. धुऊन, उन्हात टाकून, घासून पाहिलं. डांबर ते डांबर. हे म्हणाले, बाजारातून मलमल आणतो.

मामाजी पायरीवर बसले होते. ते उठले, आत आले, दारामागे गेले. काठीने नाही, हाताने त्यांनी गाठोडं खिळ्यावरून काढलं आणि जमिनीवर ठेवून गाठ सोडायला लागले. गाठ इतक्या महिन्यांची, बसलेली. मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाले. दातांनी सोडली. लोटा बाजूला ठेवला, बंडी बाजूला ठेवली. धोतर उलगडलं, पांढरंशुभ्र, घडीवर पिवळसर झालेलं, गालाला लावून पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून काठाशी दात लावला आणि मधोमध टर्रकन फाडलं.

"मामाजी," मी म्हटलं, "गावाले जायचं ठेवणीतलं होतं ना ते?"

"होतं माय," ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा फाडायला घेतला. "तान्ह्याले गुंडाळ आधी."